कानानें लावलेलें दप्तर

आंधळ्या मनुष्यास पत्र वाचून दाखविणें हें आपल्याकडे पुण्याचें कृत्य समजलें जातें, आणि तें तसें आहेही. परंतु ज्याच्या नांवें पत्र आलेलें असतें त्याच्या बाजूनें या पुण्याचा हिशेब फारसा कोणी मांडीत नाहीं. मुलाचें पत्र सुनेनें वाचावयाचें, बँकेचें पत्र शेजाऱ्यानें वाचावयाचें, आणि डॉक्टरांचा अहवाल त्या वेळीं घरांत जो कोणी सांपडेल त्यानें वाचावयाचा. वाचणारा कितीही प्रामाणिक असला तरी एखाद्या ओळीशीं त्याचा आवाज अडखळतो, एखादें वाक्य तो दयेनें गाळतो, आणि एखादें पत्र 'यांत विशेष कांहीं नाहीं' म्हणून बाजूस ठेवितो. विशेष काय आहे आणि काय नाहीं हें ठरविण्याचा अधिकार पत्राच्या धन्याकडून वाचणाऱ्याकडे केव्हां गेला, हें दोघांच्याही लक्षांत येत नाहीं.

संगणकावरून येणाऱ्या टपालानें, म्हणजे ई-मेलनें, या स्थितींत मोठा पालट घडवून आणला आहे. पत्र आतां कागदावर न येतां अक्षरांच्या संकेतरूपानें येतें, आणि तो संकेत जसा पडद्यावर अक्षर म्हणून उमटवितां येतो तसाच उच्चार म्हणून ऐकवितांही येतो. हें काम करणाऱ्या आज्ञावलीस स्क्रीन रीडर म्हणतात. पडद्यावर ज्या ठिकाणीं आपण असूं तेथील मजकूर ती मोठ्यानें बोलते. कोणती खिडकी उघडी आहे, आपण कोणत्या बटणावर आलों आहों, कोणतें अक्षर टाईप झालें, हें सर्व ती सांगते. डोळस मनुष्याच्या हातांत सदैव असणाऱ्या माउसचा येथें उपयोग नाहीं, कारण बाण कोठें आहे हें दिसल्याखेरीज तो हलविण्यांत अर्थ नसतो. सारा व्यवहार कळफलकावर चालतो.

या शोधाचा इतिहास थोडक्यांत सांगण्यासारखा आहे. टेड हेंटर हे अमेरिकेंतील मोटारसायकलींच्या शर्यतींत भाग घेणारे गृहस्थ. १९७८ सालीं मोटारीच्या अपघातांत त्यांची दृष्टि गेली. पुढें ते संगणकाचें काम शिकले, आणि १९८७ सालीं बिल जॉइस यांच्या भागीदारींत त्यांनीं जी कंपनी काढली तिनें 'जॉज' नांवाचा स्क्रीन रीडर बाजारांत आणला. तो उत्तम होता पण महागही होता. मध्यम स्थितींतील मराठी कुटुंबास किंमत ऐकूनच हात आखडता घ्यावा लागे. २००६ सालीं ऑस्ट्रेलियांतील मायकेल करन या अंध तरुणानें स्वतःच नवा स्क्रीन रीडर लिहावयास घेतला, आणि त्याचा अंध मित्र जेम्स टेह त्यास येऊन मिळाला. त्यांची 'एनव्हीडीए' ही आज्ञावली कोणासही विनामूल्य मिळते, आणि आज ती जगभर वापरली जाते.

परंतु साधन हातीं आलें म्हणजे दप्तर लागलें असें होत नाहीं. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील मोडी कागद रुमालांत बांधून ठेवण्याची रीति वाचकांस ठाऊक असेलच. रियासतकार सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं १९३० ते १९३४ या काळांत त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. त्या पांच वर्षांतील मेहनतीचा केवढा भाग कागद वाचण्यांत गेला असेल, आणि केवढा नुसता हवा तो कागद शोधण्यांत, याची कल्पना ज्यानें स्वतःच्या घरची जुनी पेटी एकदां उपसली आहे त्यास सहज येईल. ई-मेलचा फोल्डर म्हणजे हा रुमालच. आपण त्यास कप्पा म्हणूं. डोळस मनुष्य या कप्प्यांविषयीं बराच बेफिकीर असतो, आणि तें त्यास परवडतें. दृष्टिहीनास तें परवडत नाहीं. याचें कारण डोळा आणि कान यांच्या स्वभावांत आहे.

डोळ्यास सगळें पान एकदम मिळतें. चाळीस पत्रांची यादी समोर आली कीं दोन क्षणांत नजर वरून खालीं घसरते आणि ओळखीच्या नांवाशीं आपोआप थबकते. कानाजवळ अशी घसरण्याची सोय नाहीं. त्याच्यापुढें सर्व कांहीं रांगेनें येतें, एकामागून एक, आणि रांगेच्या शेवटीं उभ्या असलेल्या मनुष्याचें तोंड पाहण्यासाठीं पुढच्या सर्वांचे नमस्कार घ्यावे लागतात. यादींतील प्रत्येक ओळ स्क्रीन रीडर रकान्यांच्या क्रमानें वाचतो. रकाने जर 'न वाचलेलें', 'जोडपत्र आहे', 'महत्त्वाचें', मग पाठविणाऱ्याचें नांव, अशा क्रमानें असले, तर चाळीस ओळींत चाळीस वेळां तेंच पाल्हाळ ऐकून मग नांव ऐकूं येतें. म्हणून कप्पे काढण्याच्याही आधीं करण्याची गोष्ट म्हणजे रकान्यांचा क्रम बदलणें: नांव प्रथम, विषय त्यामागून, तारीख शेवटीं, आणि पत्राचा आकार वगैरे निरुपयोगी रकाने काढून टाकणें. नांव ऐकतांच नको असेल तर खालची बाणाची कळ दाबावी. वाक्य तेथेंच तुटतें आणि पुढची ओळ सुरू होते. सरावलेला मनुष्य अशा रीतीनें कोणाचेंही वाक्य पुरें ऐकत नाहीं. समाजांत हा उद्धटपणा ठरेल. येथें तेंच कौशल्य आहे.

छत्रपती संभाजीनगराहून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेहून, अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर हर्सूल लागतें. तळें आणि मध्यवर्ती कारागृह या दोहोंमुळें त्या गांवाचें नांव बाहेरच्यांस ठाऊक. एरवीं तें आतां शहराच्याच पोटांत गेलें आहे. तेथें आमच्या परिचयाचे गणिताचे एक निवृत्त शिक्षक राहतात. काचबिंदूनें त्यांची दृष्टि हळूहळू गेली आणि बासष्टाव्या वर्षीं पूर्ण अंधार झाला. नांव छापूं नये असें त्यांनीं बजाविलें आहे, म्हणून येथें त्यांस नुसतें मास्तर म्हणतों. मास्तरांनीं प्रथम स्क्रीन रीडर लावला तेव्हां त्यांच्या आवकेच्या कप्प्यांत नऊ हजारांहून अधिक पत्रें एका ढिगांत पडलीं होतीं. दृष्टि होती तोंवर तो ढीग त्यांस कधीं बोचला नव्हता. दृष्टि गेल्यावर तोच ढीग भिंतीसारखा पुढें उभा राहिला. तो त्यांनीं कसा निवारला हें पाहिलें म्हणजे या विषयाचें बहुतेक मर्म हातीं येतें.

कप्प्यांची यादी ही झाडासारखी असते. खालीं-वर बाण दाबला कीं एकेका कप्प्याचें नांव ऐकूं येतें. उजवा बाण पोटकप्पे उघडतो, डावा मिटतो, आणि आपण कितव्या पायरीवर आहों हें स्क्रीन रीडर सांगत राहतो. परंतु बाणानें चालत जाण्यापेक्षां एक जवळची वाट आहे. नांवाचें पहिलें अक्षर दाबलें कीं त्या अक्षरानें सुरू होणाऱ्या कप्प्यावर उडी पडते. तेव्हां नांव काय ठेवावें हा प्रश्न येथें हौसेचा राहत नाहीं. मास्तरांच्या पुतण्यानें प्रथम काढून दिलेल्या कप्प्यांचीं नांवें अशीं होतीं: 'बँकेचीं पत्रें, निवृत्तिवेतन', 'बँकेचीं पत्रें, व्याज', 'बँकेचीं पत्रें, लॉकर'. कागदावर हें मोठें शिस्तीचें दिसतें. कानास मात्र 'बँकेचीं पत्रें' हे शब्द तीन वेळां ऐकल्यावर मग भेद कळतो, आणि 'ब' दाबून उडी मारली तर ती तिघांपैकीं पहिल्यावरच पडते. भेद दाखविणारा शब्द आधीं पाहिजे. समान शब्द मागें राहिला तरी चालतो, आणि पुष्कळदां तो नसला तरी चालतो.

आतां मराठी मनुष्यास येथें आणखी एक अडचण आहे. कप्प्याचें नांव देवनागरींत असेल तर त्याच्या पहिल्या अक्षरावर उडी मारण्यासाठीं कळफलक मराठींत करावा लागतो, आणि आज्ञा देण्यासाठीं पुन्हां इंग्रजींत आणावा लागतो. ही ये-जा दिवसांतून पन्नास वेळां करणें म्हणजे शिक्षाच. आपल्या मुलांस आपण मराठी नांवें ठेवितों, तशीं कप्प्यांसही मराठींतच हवींत, हा मास्तरांचा आग्रह. त्यावर त्यांनीं जो तोडगा काढला त्याची स्फूर्ति त्यांस टपालखात्याकडून मिळाली.

हर्सूल नांवाचें दुसरें गांव नाशिक जिल्ह्यांत, त्र्यंबकेश्वर तालुक्यांत आहे. एकाचें पत्र दुसऱ्याकडे जाणें किती सोपें होतें हें सांगावयास नको, आणि असलीं जुळीं गांवें हिंदुस्थानांत शेंकड्यांनीं आहेत. पत्त्यांच्या भाषा निराळ्या, अक्षर निराळें, लिपि निराळी. या घोटाळ्यावर १५ ऑगस्ट १९७२ रोजीं जो उपाय अमलांत आला तो सहा आंकडी पिनकोड. आणि त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतांत काव्य-नाटकें लिहिणारे मराठी पंडित व सरकारी अधिकारी होते, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. पिनकोडाचा पहिला आंकडा देशाचा विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा टपाल निवडण्याचा जिल्हा, आणि उरलेले तीन पोस्ट सांगतात. संभाजीनगरचें हर्सूल ४३१ मध्यें पडतें आणि नाशिककडचें ४२२ मध्यें. नांव वाचण्यापूर्वींच दुसऱ्या आंकड्यावर दोघांची फारकत झालेली असते. नांव बोलण्यासाठीं आणि आंकडा निवडण्यासाठीं, अशी ही कामाची वांटणी आहे.

मास्तरांनीं हेंच केलें. प्रत्येक कप्प्याच्या नांवापुढें एक आंकडा बसविला आणि मागें मराठी नांव. एक म्हणजे घर, दोन औषधपाणी, तीन निवृत्तिवेतन, चार घरपट्टी व वीज, पांच जुने विद्यार्थी, सहा गणित. आठव्यांत एका संस्थेचें काम, आणि नवव्यांत 'मागाहून पाहूं' असा तो सनातन कप्पा, ज्याच्यावांचून कोणाचेंच दप्तर पुरें होत नाहीं. आंकडा इंग्रजी कळफलकावरच मिळतो, म्हणून उडी मारण्यास भाषा बदलावी लागत नाहीं. आणि यादी आपोआप आंकड्यांच्या क्रमानें लागते, म्हणून चार नंबर नेहमीं तिनाच्या खालींच सांपडतो. दहावा कप्पा त्यांनीं काढलाच नाहीं. दहाचा आरंभ एकानेंच होतो, आणि मग एकाच्या कळेवर दोघे हक्क सांगूं लागतात. पोटकप्पे काढले तेही एकाच पायरीचे. तीन-चार पायऱ्या खालीं उतरल्यावर आपण कोठें आहों हें डोळस मनुष्य नजरेनें पाहूं शकतो. ऐकणाऱ्यास तें डोक्यांत धरून ठेवावें लागतें, आणि डोकें दुसऱ्याही कामासाठीं लागत असतें.

नऊ आंकड्यांचा आणखी एक लाभ त्यांस मागाहून सांपडला. आउटलुक या टपालाच्या आज्ञावलींत 'क्विक स्टेप्स' नांवाची सोय आहे. नेहमीचें एखादें काम तीस शिकवून ठेवावें आणि तें कंट्रोल व शिफ्ट या दोन कळांसह एक ते नऊपैकीं एका आंकड्यास बांधून टाकावें. मास्तरांच्या संगणकावर कंट्रोल-शिफ्ट-तीन दाबलें कीं समोरचें पत्र तिसऱ्या कप्प्यांत जातें. नऊ हजारांचा ढीग त्यांनीं याच कळांनीं, रोज दोनशें पत्रें या मानानें, उपसला. चूक झाली तर कंट्रोल-झेड दाबतांच पत्र परत येतें. ज्यांना एवढी तयारी नको त्यांच्यासाठीं कंट्रोल-शिफ्ट-व्ही आहे. ती कप्प्यांची यादी पुढें आणते, आंकडा दाबावा आणि एंटर करावें. कंट्रोल-वाय हव्या त्या कप्प्यांत नेते, आणि कंट्रोल-शिफ्ट-आय कोठूनही आवकेच्या कप्प्यांत परत आणते. वाट चुकलेल्यास ही शेवटची कळ घरच्या ओट्यासारखी वाटते. या कळा आउटलुकच्या क्लासिक म्हटल्या जाणाऱ्या आवृत्तींतल्या आहेत. सर्व आवृत्त्यांत त्या तशाच असतील असें धरून चालूं नये. थंडरबर्ड ही दुसरी, विनामूल्य मिळणारी आज्ञावली; तीत कंट्रोल-शिफ्ट-एम ही कळ मागलें पत्र ज्या कप्प्यांत घातलें त्याच कप्प्यांत पुढलें पत्र टाकते. एकाच विषयाचीं वीस पत्रें ओळीनें आलीं असतां तिच्याइतकी उपयोगी कळ नाहीं.

कळा पाठ कशा होतात, असा प्रश्न वडीलधारीं माणसें नेहमीं विचारतात. पेटी वाजविणारा पट्ट्यांकडे पाहत नाहीं, हें त्यास उत्तर. कळफलकावर एफ आणि जे या दोन अक्षरांच्या कळांवर बोटास लागेल असा बारीक उंचवटा असतो. तर्जन्या तेथें टेकल्या कीं बाकीच्या कळा आपापल्या अंतरावर सांपडतात. एनव्हीडीएमध्यें इन्सर्ट आणि एक या कळा एकत्र दाबल्या कीं शिकाऊ अवस्था सुरू होते: मग कोणतीही कळ दाबा, ती कळ कोणती व तिचें काम काय एवढेंच तो सांगतो, प्रत्यक्ष करीत कांहीं नाहीं. कांहीं मोडेल या भीतीनें ज्यांचें बोट उचलत नाहीं त्यांनीं दोन संध्याकाळ याच अवस्थेंत घालवाव्या. आठवड्यास दोन नव्या कळा, याहून अधिक घाई करूं नये असें मास्तरांचें मत, आणि तें चाळीस वर्षें पाढे शिकविलेल्या मनुष्याचें मत आहे.

ज्यांचें टपाल जीमेलमध्यें, म्हणजे ब्राउझरच्या खिडकींत उघडतें, त्यांच्यापुढें निराळाच पेंच येतो. जीमेलच्या जवळच्या वाटा एकेका अक्षराच्या आहेत, आणि त्या आधीं सेटिंग्जमध्यें जाऊन चालू कराव्या लागतात. ई दाबल्यास पत्र दप्तरदाखल होतें, व्ही दाबल्यास कप्प्यांत हलतें. पण ब्राउझरमध्यें एनव्हीडीएच्याही एकेका अक्षराच्या आज्ञा आहेत: त्याच्या लेखीं ई म्हणजे लिहिण्याची पुढची चौकट आणि व्ही म्हणजे पूर्वीं पाहिलेला दुवा. एकाच हांकेला दोन नोकर ओ देतात, आणि ज्यास बोलावलें नाहीं तो आधीं येतो. इन्सर्ट आणि स्पेसबार मिळून दाबलें म्हणजे स्क्रीन रीडर बाजूस सरतो आणि अक्षर जीमेलकडे जातें. पुन्हां दाबलें कीं तो परत येतो. हें एकदां उमगलें तर सोपें आहे, न उमगलें तर मनुष्य संगणकच बिघडला असें समजून उठून जातो. कळांच्या या झगड्यामुळेंच मास्तरांनीं ब्राउझर सोडून स्वतंत्र आज्ञावली पत्करली. ती निवड मला योग्य वाटते, विशेषतः उतारवयांत शिकणाऱ्यास.

येथवर सर्व सुरळीत झालें. पुढचा भाग तितका सुरळीत नाहीं.

मलिक अंबरानें सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत या शहरास पाणी देण्यासाठीं जी नहर बांधली ती हर्सुलाच्या बाजूच्या डोंगरपायथ्याचें पाणी जमिनीखालून शहरांत आणीत असे. पाणी वाहतांना दिसत नसे. तें हौदांत पडूं लागलें म्हणजेच कळे. ई-मेलमध्यें 'नियम' म्हणून जी सोय आहे ती अशीच एक भूमिगत नहर होय. अमुक पत्त्यावरून आलेलें किंवा अमुक शब्द असलेलें पत्र येतांक्षणीं अमुक कप्प्यांत वळवावें, असें एकदां सांगून ठेवलें कीं पुढें कोणी पाहावें लागत नाहीं. आवकेचा कप्पा स्वच्छ राहतो. डोळस मनुष्यास या कप्प्यांकडे न जातांही त्यांची वार्ता असते, कारण नवें पत्र पडलेल्या कप्प्याचें नांव ठळक होतें आणि त्यापुढें आंकडा दिसूं लागतो. ऐकणाऱ्यास मात्र त्या कप्प्यापाशीं चालत गेल्याखेरीज आंत काय पडलें आहे हें कळत नाहीं.

एका दिवाळींत पुतण्या पुण्याहून आला आणि काकांस जाहिरातींचा त्रास होऊं नये म्हणून त्यानें चांगल्या बुद्धीनें असे पांच-सहा नियम घालून दिले. त्यांपैकीं एकानें बँकेच्या एका पत्त्यावरून येणारा सर्व मजकूर 'जाहिराती' या कप्प्यांत वळविला. निवृत्तिवेतन घेणारांस दरवर्षीं नोव्हेंबरांत हयातीचा दाखला द्यावा लागतो, हें घरोघरीं ठाऊक आहे. त्या वर्षीं बँकेनें आठवण करून देणारें पत्र पाठविलें, दोनदां पाठविलें, आणि तें त्याच पत्त्यावरून पाठविलें. मास्तर रोज आवकेचा कप्पा ऐकत होते आणि तो शांत आहे म्हणून समाधानांत होते. पुढें निवृत्तिवेतन जमा झालें नाहीं तेव्हां चौकशी सुरू झाली. दाखला दिल्यावर थकलेली रक्कम मिळाली. पण मधले सहा आठवडे डोळ्यांत घालण्याच्या थेंबांचेही पैसे त्यांस मुलीकडून घ्यावे लागले, आणि ज्या मनुष्यानें उभ्या जन्मांत कोणाचा हिशेब चुकूं दिला नाहीं त्यास तें किती लागलें असेल हें मी लिहीत नाहीं. २०१४ च्या नोव्हेंबरपासून 'जीवन प्रमाण' या सोयीनें हा दाखला घरबसल्या, बोटाच्या ठशानें देतां येतो, हेंही त्यांस त्या धांदलींतच कळलें.

पुतण्याचा हेतु वाईट नव्हता. पण दृष्टिहीनाच्या घरांत खुर्ची जागची हलवूं नये हा नियम आपण सारे पाळतों. तोच नियम त्याच्या कप्प्यांस लागू आहे, हें अद्याप आपल्या अंगवळणीं पडलेलें नाहीं. खुर्ची हलली तर गुडघ्यास लागतें आणि लगेच कळतें. पत्र हललें तर महिन्यानें कळतें. मदत करावयाचीच असेल तर शेजारीं बसावें, कळफलक ज्याचा त्याच्याच हातांत असूं द्यावा, आणि कोणता कप्पा, कोणतें नांव, हें त्याच्या तोंडून येईपर्यंत थांबावें. थांबणें हेंच यांत सर्वांत कठीण काम आहे, कारण डोळसाचा हात माउसकडे आपोआप जातो.

त्या प्रसंगानंतर मास्तरांनीं बहुतेक नियम काढून टाकले. ज्या पत्रावर आपल्यास कांहीं करावें लागेल तें कोणत्याही नियमाच्या हातीं द्यावयाचें नाहीं, तें आपल्या कानावरून गेल्यावरच हलेल, असें त्यांनीं ठरविलें. शिवाय 'न वाचलेलीं पत्रें' या नांवाचा एक शोध-कप्पा असतो. कोणत्याही कप्प्यांत पडलेलें न वाचलेलें पत्र त्यांत एकत्र दिसतें. सकाळीं चहानंतर पहिली फेरी आतां तेथें होते. जाहिराती त्यांस ऐकाव्या लागतात खऱ्या. नांव ऐकतांच खालचा बाण दाबून ते त्यांचें तोंड बंद करतात.

आपण पत्रें पाठविणारे या बाबतींत कोठें चुकतों, हेंही सांगितलें पाहिजे, कारण कप्पे कितीही नीट लावले तरी आंत येणारें पत्रच मुकें असेल तर उपाय नाहीं. विषयाची ओळ कोरी सोडणें, किंवा दोन वर्षांपूर्वींच्या पत्रास उत्तर म्हणून नवी हकीकत लिहिणें, या दोन संवयी सार्वत्रिक आहेत. 'आजीची तब्येत' या विषयाखालीं मुंजीचें आमंत्रण आलें तर तें मास्तर दुसऱ्या कप्प्यांत घालणार, आणि मुंजीच्या दिवशीं तें सांपडणार नाहीं. दुसरी गोष्ट चित्रांची. सणावारीं फुलांच्या चित्रावर सुंदर अक्षरांत शुभेच्छा लिहून पाठविण्याची जी चाल पडली आहे, तींतील अक्षरें हीं स्क्रीन रीडरच्या दृष्टीनें अक्षरें नसतात, चित्र असतें. तो 'चित्र' एवढाच शब्द उच्चारून पुढें जातो. खालीं एक ओळ टाईप केली असती तर शुभेच्छा पोंचल्या असत्या. तिसरी गोष्ट मराठी छपाईची. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वींच्या फॉन्टांत सिद्ध केलेला मजकूर डोळ्यांस मराठी दिसतो, पण आंतून तीं भलत्याच चिन्हांचीं जोडाक्षरें असतात; स्क्रीन रीडर तीं प्रामाणिकपणें वाचूं लागला कीं वेड्याची बडबड ऐकूं येते. कित्येक संस्थांचीं परिपत्रकें अजून अशींच निघतात. युनिकोड मराठी मात्र एनव्हीडीएसोबत येणारा ईस्पीक नांवाचा आवाज वाचतो. तो आवाज थोडा रुक्ष, यंत्राचा वाटणारा आहे. पण पुष्कळ अनुभवी मंडळी तोच पसंत करतात, कारण वेग कितीही वाढविला तरी त्याचे उच्चार विरघळत नाहींत.

शिकण्याची सोय कोठें, असें विचारणारांसाठीं: मुंबईंत १९५२ पासून काम करणारा राष्ट्रीय अंध संघ, म्हणजे 'नॅब', आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयांत २००३ सालीं निघालेलें दृष्टिबाधितांसाठींचें साधनकेंद्र, या दोन संस्थांचीं नांवें या क्षेत्रांत आदरानें घेतलीं जातात. ज्यांस घरच्या घरीं आरंभ करावयाचा आहे त्यांनीं एनव्हीडीए उतरवून घ्यावा. कंट्रोल-ऑल्ट-एन दाबतांच तो बोलूं लागतो. पहिले आठ दिवस त्याचें बोलणें असह्य वाटेल हें आधींच सांगून ठेवतों.

मास्तरांकडे गेल्या वेळीं गेलों तेव्हां त्यांनीं आपले कप्पे एकेक करून ऐकविले. पांचव्यांत एका विद्यार्थ्यानें परदेशांतून धाडलेलें गणिताचें कोडें होतें. तें त्यांनीं मजपुढें टाकून दहा मिनिटें माझी फजिती पाहिली. सातवा आंकडा आला तेव्हां स्क्रीन रीडरनें नुसतें 'सात' म्हटलें. पुढें नांव नव्हतें. मास्तरांनीं खालचा बाण दाबला आणि आठवा कप्पा सुरू झाला. सातव्यांत काय आहे हें घरांत कोणासच ठाऊक नाहीं, असें त्यांच्या पत्नी हंसत म्हणाल्या. मीं विचारलें नाहीं, आणि त्यांनीं सांगितलें नाहीं.